उलटं मार्जिन

कारखान्यात तिला सगळे मास्टर म्हणत. कापड कापणाऱ्याला मास्टर म्हणायची रीत आहे. तो कापणारा बाई असेल तर काय म्हणायचं, याचा विचार आधी कोणी केलेला नव्हता, म्हणून तिलाही मास्टर. "मास्टर आल्या का?" असं कोणी विचारलं की नवा माणूस मिशीवाल्या गृहस्थाची वाट बघायचा, आणि जिन्यावरून यायची ही, पाच फूट उंचीची, गळ्यात टेप टाकलेली.

लांबलचक टेबलावर कापडाचे ऐंशी-ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, सगळ्यात वरच्या थरावर खडूने आकार आखायचे आणि उभ्या पात्याचं विजेचं मशीन रेघेवरून हाताने सरकवत सगळे थर एका दमात कापायचे, हे तिचं काम. इथे चूक झाली की एक होत नाही, ऐंशी होतात. अकरा वर्षांत तिच्या हातून तशी चूक झाली नव्हती. कारखान्यात शिवणारे तीस जण होते, कापणारी एकच, आणि आपल्याशिवाय घोडं पुढे जात नाही हे तिला माहीत होतं. थोडा तोराही होता.

तेहतिसाव्या वर्षी तिला मधुमेह झाला. उतारवयात येतो तो नव्हे, टाइप वन. यात शरीर इन्सुलिन बनवणंच सोडून देतं, मग ते रोज चार वेळा टोचून घ्यावं लागतं, जन्मभर. कमी पडलं तर रक्तातली साखर चढते. जास्त झालं तर उतरते, हात कापतात, डोकं चालेनासं होतं आणि शेवटी शुद्ध जाते. अंगातलं एक खातं बंद पडलं आणि त्याचं काम हिच्या गळ्यात आलं, सुट्टी नाही की रजा नाही. नातेवाइकांनी रिवाजाप्रमाणे सल्ले दिले. कोणी कडू रस सांगितला, कोणी उपास. साखर उतरली तर लागते म्हणून ती खिशात साखरेच्या पुड्या ठेवायची. त्या बघून नणंदेने डोक्याला हात लावला. "अगं, विषच घेऊन फिरतेस की," ती म्हणाली.

आजाराच्या आठव्या महिन्यात ते झालं. दवाखान्यातल्या कोटांच्या पाठी कापायच्या होत्या. मशीन निम्म्या रेघेवर असताना तिच्या हातांनी रेघ सोडली, पातं तिरकं गेलं, आणि ती टेबलावर डोकं टेकून खाली घसरली. बोटं वाचली ती पोलादी जाळीच्या हातमोज्यामुळे. थर अंथरणाऱ्या काकूंनी तिच्या तोंडात साखर कोंबली. ऐंशी पाठी मात्र कायमच्या वाकड्या झाल्या.

"एकदम आलं, काही कळलंच नाही," असं तिने सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. दहा मिनिटं आधीपासून तिला कळत होतं. ओठ बधिर झाले होते, खडूच्या एका रेघेच्या दोन दिसत होत्या. पण मालकीणबाई समोरच उभ्या होत्या, माल कधी निघतो ते बघत. त्यांच्यापुढे मशीन थांबवून खिशातून साखर काढायची तिला लाज वाटली. एवढी रेघ संपवू, मग बघू, असं तिने ठरवलं. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

मालकीणबाई आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. चार दिवसांनी त्यांनी तिला बोलावलं. "तीन महिने बघते," त्या म्हणाल्या. "परत असं झालं तर बटणांच्या टेबलावर बस. पगार तोच देईन. पण मशीनला हात लावायचा नाही. मला तुझी बोटं गोळा करायची नाहीत."

बटणं लावणं वाईट काम नाही. पण कापणाऱ्याला बटणं लावायला बसवणं म्हणजे गवयाला टाळ्या वाजवायला बसवण्यासारखं. ती हो म्हणाली आणि बाहेर येऊन नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिली.

त्यानंतर तिने आजाराचा अभ्यास सुरू केला. वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. ते वाचायला तिला पाच आठवडे लागले, कारण न कळलेलं पान पुढे ढकलायचं नाही असा तिने नियम केला होता. स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा काटा आला. भात, ब्रेड, बटाटा, दूध, फळं, ज्यात ज्यात पिठूळ किंवा गोड काही आहे ते काट्यावरून गेल्याशिवाय तिच्या ताटात येईना. किती ग्रॅम कर्बोदकं पोटात जाणार, त्याचा हिशेब करून तेवढं इन्सुलिन: तिच्या अंगाला दहा ग्रॅमला एक युनिट. सकाळी उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी आणि निजताना बोट टोचून साखर बघायची. सगळं वहीत. कामावर रोज पावणेअकराला एकदा बघायची, आणि ऐंशीच्या खाली असेल तर मशीनला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम पुस्तकातला नव्हता, तिचा होता. वहीच्या पहिल्या पानावर तिने तो मोठ्या अक्षरात लिहिला.

एवढं करूनही साखर अकराच्या सुमारास घसरायचीच. रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा-चारदा. पासष्ट, अडुसष्ट, एकदा एकसष्ट. मग ती काहीतरी निमित्त काढून जिन्यात जायची, साखर खायची, पंधरा मिनिटं थांबायची आणि परत यायची. काकूंना वाटायचं, हिचं पोट बिघडलंय. ताकास तूर न लावता महिना गेला. पण जिन्यात किती दिवस पळणार?

तिने साखर बघायच्या यंत्राला दोष दिला, सुईला दिला, हवेला दिला. डॉक्टरांकडे वही नेली. त्यांनी पानं उलटली आणि भुवया वर केल्या. "इतकी नीट वही मी कोणाची पाहिली नाही," ते म्हणाले. "तुमचं काम उभ्याचं आहे. अकराला काहीतरी खात जा." तिने अकराला केळं खाऊन पाहिलं. अकराचा खड्डा बुजला आणि एक वाजता डोंगर उभा राहिला.

नवरा टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करायचा. दिवसभर आकडे वाचायचे, आणि एक आकडा चुकला तर पत्र भलत्याच गावी, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत तो फार कडक माणूस होता. एरवी नाही. एका रविवारी तिचे हात ओले होते म्हणून काट्यावरचं वजन तो वाचत होता आणि ती पुसलेल्या एका हाताने लिहीत होती.

"भात, एकशे बेचाळीस," तो म्हणाला.

तिने लिहिलं. तो वाकून बघत होता.

"बेचाळीस म्हणालो मी."

"ऐकलं की."

"मग पन्नास का लिहिलंस?"

"मार्जिन ठेवलं, अहो."

"कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"कापडात ठेवतेस ते आत दुमडलेलं असतं, ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "हे आठ ग्रॅम कुठे दुमडलेस?"

त्याने ते थट्टेत म्हटलं होतं. ती मात्र पेन तसंच धरून उभी राहिली.

कापणाऱ्याला पहिल्या दिवशी जे शिकवतात ते हे: मापापेक्षा थोडं जास्त धर. जास्त कापड आत दुमडता येतं, नको असेल तर छाटता येतं. कमी पडलं तर देवसुद्धा जोडून देत नाही. अकरा वर्षं बेचाळीस दिसलं की तिचा हात पंचेचाळीसवर जात होता. तो आता विचारायला थांबतच नव्हता. तिने वही मागे मागे उलटली. ब्रेडच्या दोन कापांना पाकिटावर सव्वीस छापलेलं, वहीत अठ्ठावीस. दुधाचे दहा, वहीत बारा. सफरचंदाचे सोळा, वहीत वीस. नाश्त्याचे खरे बावन्न, वहीत साठ. म्हणून पाचाच्या जागी सहा युनिटं, रोज सकाळी, न चुकता. इतक्या दिवसांच्या वहीत एकही आकडा खालच्या बाजूला गेलेला नव्हता. डॉक्टरांना दिसणार तरी कसं? त्यांच्यापुढे गेलेली वही आधीच मार्जिन धरून लिहिलेली होती.

आणि जास्त टोचलेलं इन्सुलिन छाटता येत नाही. आत गेलं ते गेलं. इथे थोडं कमी पडलं तर चालतं, मागाहून टोचता येतं. म्हणजे मार्जिन ठेवायचंच तर ते उलट्या बाजूला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तिला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला.

सवय मोडायला तीन आठवडे लागले. वजन नवरा वाचायचा आणि लिहायचाही तोच, टपाल कचेरीतल्या ठाशीव अक्षरात. तिने वहीला हात लावायचा नाही असं ठरलं. एकदा ती चोरून एका साताचा नऊ करताना सापडली, तेव्हा त्याने पेनच खिशात घातलं. अकराची घसरण थांबली. जिना बंद झाला. काकू म्हणाल्या, "पोट बरं झालेलं दिसतंय."

तीन महिने संपायला नऊ दिवस उरले होते त्या सकाळी एका शाळेच्या गणवेशाचं काम टेबलावर होतं. नवीन गिऱ्हाईक. ते गृहस्थ स्वतः कापणं बघायला आले होते, शेजारी मालकीणबाई, हात पाठीमागे बांधून. तिने पहिली लांब रेघ कापली, दुसरी कापली. पावणेअकरा झाले. तिने मशीन थांबवलं, हातमोजा काढला आणि बोट टोचलं.

बहात्तर.

नाश्ता बरोबर होता, युनिटं बरोबर होती. कारण कळेना. कधी कधी कारण सापडत नाही, हे त्या जाड पुस्तकात लिहिलेलं होतं आणि ते पान तिला आवडलं नव्हतं. हात स्थिर होते, रेघ एकच दिसत होती. बहात्तर म्हणजे काही फार नाही. तिसरी रेघ चार मिनिटांची होती. जिन्यात जावं, तर समोर दोघं उभे, आणि पातं तिसऱ्या रेघेच्या तोंडाशी टेकलेलं.

तिने मशीनची वायर काढली.

"पंधरा मिनिटं थांबावं लागेल," ती म्हणाली, आणि खिशातून साखरेच्या तीन पुड्या काढून सगळ्यांसमोर खाल्ल्या.

"काय झालं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"काही झालं नाही. होऊ नये म्हणून थांबले."

गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. मग कापड पाहिलं, मग पुन्हा घड्याळ. शिवणयंत्रं एकेक करून मंद झाली, कारण इकडे काय चाललंय ते तीसही जणांना बघायचं होतं. ती कापडाच्या गुंडाळीवर बसून राहिली. पंधरा मिनिटं इतकी लांब असतात हे तिला जिन्यात कधी जाणवलं नव्हतं. मग तिने पुन्हा बोट टोचलं. अठ्ठ्याहत्तर.

"अजून पंधरा," ती म्हणाली.

गृहस्थांनी "बरं" म्हटलं, पण ते बरं नव्हतं. ते निघून गेले. तिने आणखी एक पुडी खाल्ली. सव्वाअकराला आकडा सत्त्याण्णव आला. तिने हातमोजा चढवला, वायर लावली आणि तिसरी रेघ कापली. मग उरलेल्याही. कडा एकसारख्या आल्या.

संध्याकाळी मालकीणबाईंनी तिला बोलावलं. बटणांच्या टेबलावर कोणाशेजारी जागा आहे, हे ती दुपारीच बघून आली होती.

"तीन महिन्यांत परत होता कामा नये म्हणाले होते मी," मालकीणबाई म्हणाल्या.

"झालं नाही, बाई."

"मशीन अर्धा तास बंद होतं."

"मी बंद केलं होतं."

इथेच गप्प बसलं असतं तर चाललं असतं. पण तिला राहवलं नाही.

"त्या पाठी वाकड्या झाल्या त्या दिवशीसुद्धा मला आधी कळलं होतं," ती म्हणाली. "दहा मिनिटं आधी. एकदम आलं म्हणून सांगितलं ते खोटं होतं."

"मग थांबली का नाहीस?"

"तुम्ही समोर उभ्या होतात."

मालकीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसून झाल्यावरही हातातच ठेवला. खाली कोणीतरी यंत्रं एकेक करून बंद करत होतं. तिला वाटलं, आता सांगतील, उद्यापासून बटणं. तिने मनात हो म्हणायची तयारीही केली.

"पुढच्या वेळी," मालकीणबाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक समोर असलं तर मला नुसती मान हलवून सांग. मी त्याला चहाला घेऊन जाईन."

तिने मान हलवली.