ही गाडी पांढरी आहे

मी एक काळी गाडी. हे आधीच सांगून टाकते, कारण दहा वर्षं माझ्या डिकीवर एक पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ही गाडी पांढरी आहे'. आमच्या लाम्पांगमध्ये, म्हणजे उत्तर थायलंडात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. माझे मालक थावॉर्न गुरुवारी जन्मले. ज्योतिषानं सांगितलं, काळा रंग यांना बाधणार, पांढरा लाभणार.

"अहो, मग पांढरीच घ्यायची होती ना!" शोरूमच्या दारातच मालकीणबाई, मालिवान, कडाडल्या होत्या.

"पांढऱ्या गाडीत तोंड दिसतं का?" थावॉर्न म्हणाले.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी पट्टी आणून चिकटवली. ग्रहांनी वाचून समाधान मानावं, असा त्यांचा हिशेब.

तोंड दिसण्याचं प्रकरण जुनं आहे. थावॉर्ननी बावीस वर्षं एका सरकारी साहेबाची काळी गाडी चालवली आणि पुसली. रोज सकाळी दुसऱ्याच्या गाडीच्या दारात स्वतःचं तोंड पाहिलं. निवृत्त झाल्यावर मला घेतलं. हे सगळं मला कळतं, म्हणून तर त्यांच्यावर धड चिडताही येत नाही. पण चीड येते. फार येते.

माझा काळा रंग आत असतो आणि त्याच्यावर लॅकरचा पारदर्शक थर. चमक असते ती त्या थराची. ओरखडा घालवायचा म्हणजे तो थर तेवढा घासून काढायचा. ओरखडा जातो, थरही जातो, आणि गेलेला थर परत येत नाही. एवढी साधी गोष्ट, पण पॉलिशचं मशीन हातात आलं की माणसाला वाटतं आपण काहीतरी देतोय. अहो, तुम्ही नेताय!

दर एप्रिलला सोंगक्रान येतं, आमचं पाणी उडवायचं नववर्ष. थावॉर्नची थोरली बहीण पांढऱ्या मातीच्या लेपात हात बुडवते आणि माझ्या बॉनेटवर पंजा उमटवते. आशीर्वाद! तो सण संपेपर्यंत धुवायचा नाही, असा या घरचा नियम. तीन दिवसांच्या उन्हात त्या मातीचा काचकागद होतो. चौथ्या सकाळी थावॉर्न कोरडं फडकं घेतात आणि प्रेमानं घासायला लागतात. तीन दिवस अख्ख्या गावानं एकमेकांवर बादल्या रिकाम्या केलेल्या असतात, आणि माझ्यासाठी नेमकी गरज असते तेव्हा तांब्याभर पाणी नाही! मग उन्हात कोळिष्टकासारखे ओरखडे दिसतात. मग मशीन बाहेर येतं. दहा सणांत हे दहा वेळा झालं.

शेजारचा कामथोन गाड्यांना रंग मारतो. गेल्या वर्षी त्यानं बोटानं माझं बॉनेट चाचपलं आणि म्हणाला, "काका, आता मशीन बास. नुसतं मेण लावा, सावलीत उभी करा आणि बघत बसा."

"बघत बसायला मी काय म्हातारा झालोय?"

"तुम्ही नाही हो. ती झालीय."

ऐकलं असतं तर ते थावॉर्न कसले. मशीन फिरत नसे ते एकाच जागी, पट्टीवर. "तिचा कोपरा जरी हलला तरी माझ्याशी गाठ आहे," असं बाईंनी बजावलं होतं.

यंदा मे महिन्यात त्यांच्या मुलीचं, दारिनचं, लग्न होतं. मेजवानीच्या हॉलपर्यंत मीच तिला नेणार होते. "माझी पोर उतरेल तेव्हा गाडीत तिचं तोंड दिसलं पाहिजे," हे थावॉर्न दोन वर्षं येता-जाता सांगत होते. पण आत्याबाईंचा पंजा यंदाही उमटला होता आणि ओरखडेही. लग्नाच्या आदल्या सकाळी त्यांनी मशीन काढलं.

मला ओरडता आलं असतं तर गल्ली गोळा केली असती. बॉनेटच्या कडेवर मशीन जरा रेंगाळलं, आणि पांढऱ्या पॅडवर काळं आलं. ते काळं म्हणजे मी होते. खाली वितभर पांढुरका अस्तराचा रंग उघडा पडला.

थावॉर्ननी मशीन बंद केलं. बोटाला थुंकी लावून ती जागा चोळली. मग पायरीवर बसले.

बाई बाहेर आल्या. "झाली बाई पांढरी," त्या म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली.

"साहेबाच्या गाडीला बावीस वर्षांत एक चरा पाडला नाही," थावॉर्न म्हणाले. "स्वतःची मात्र खाल्ली."

दारिन केसांना क्लिपा लावलेल्या तशीच आली. "बाबा, मी याच गाडीतून जाणार."

"लोक हसतील."

"हसू देत. दहा वर्षांनी पट्टी खरी तरी ठरली!"

बाई हसता हसता रडायला लागल्या. मग आत जाऊन केस वाळवायचं यंत्र घेऊन आल्या आणि पट्टीवर गरम हवा सोडत ती हळूहळू सोलली. "आता पाटी कशाला हवी? ग्रहांना दिसतंय की."

पट्टीखाली मी होते. शोरूममधून निघाले तशी, हातभर लांब, काळीकुळकुळीत. तिथे ना ऊन पोचलं होतं, ना मशीन. थावॉर्न वाकले आणि सवयीनं त्यांचं फडकं पुढे आलं. बाईंनी मनगट धरलं. "हात लावाल तर याद राखा!"

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारात दारिन उतरली. पाहुणे हार घेऊन उभे, फोटोवाला हाका मारतोय, पण ती सरळ मागे आली. डिकीपाशी वाकली आणि त्या हातभर काळ्यात बघून तिनं केसांतलं फूल सारखं केलं. थावॉर्न बाजूलाच उभे होते. दोन्ही हात खिशात घट्ट कोंबलेले, डोळे भरलेले.

आता मी सावलीत असते. बॉनेटवरचा पांढरा डाग कामथोन पुसट करीन म्हणतोय. थावॉर्न सकाळी कॉफीचा पेला घेऊन डिकीसमोर बसतात, आणि त्यांची बोटं अजून शिवशिवतात. मालक, पाणी ओता, मेण लावा आणि पुरे करा. आणि पुढच्या एप्रिलला ताईंना सांगा, आशीर्वाद गाडीवर नको, माझ्या गालावर द्या म्हणावं. गालाला लॅकर नसतं.