वाडग्याचं माप

डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंगताईंना दोन आकडे दिले होते. वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत, आणि उपाशीपोटी रक्तातली साखर एकशे तीसच्या आत. पहिला आकडा पाळलात तर दुसरा खाली येईल, मधुमेहाची गोळी मदतीला आहेच, असं त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दुसरा खाली आला तरच उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढता येणार होता. शस्त्रक्रियेची तारीख आठ आठवड्यांनंतरची मिळाली होती. ती हुकली तर पुढची पाच महिन्यांनी.

पाच महिने थांबायची सोय नव्हती. भिंगताई लेबलं छापणाऱ्या छापखान्यात तपासनीस होत्या आणि तिथे वर्षातून एकदा तपासनिसांचीच नजर तपासली जाई. यंदाची तपासणी बारा आठवड्यांवर आली होती. त्यात जो नापास होईल त्याची रवानगी बांधणी खात्यात, लेबलांचे गठ्ठे बांधायला. काम वाईट नव्हतं. पण तेवीस वर्षं ज्या खुर्चीत बसलो तिच्यासमोरून रोज गठ्ठे उचलून न्यायचे, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

भिंगताई हे त्यांचं छापखान्यातलं नाव. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग त्या जेवतानाही काढत नसत. त्यांच्या टेबलावर खाण्याच्या जिनसांची लेबलं येत: डबे, बाटल्या, खोकी. प्रत्येकावर आकड्यांचा एक तक्ता. स्निग्धांश इतका, मीठ इतकं, साखर इतकी. तक्त्याची काळी चौकट आणि तिच्या डोक्यावरची ओळ आधीच छापून येई, ती पलीकडच्या टेबलाची जबाबदारी. भिंगताईंकडे फक्त आकडे. त्यांची पद्धत ठरलेली होती. सहा इंची पोलादी पट्टी त्या काळ्या ओळीवर आडवी ठेवायची, म्हणजे तिथला ठळक छाप डोळा ओढून घेत नाही. मग खालून वर एकेक आकडा सुटा वाचायचा. अर्थ लावत बसायचं नाही. अर्थ लागला की माणूस मनानेच वाचतो आणि चूक निसटते, असं त्या नव्याने आलेल्यांना सांगत.

घरी साखर मोजायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हेच शिस्तीत केलं. एक वही केली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग, पट्टी आणि शिसपेन्सिल मांडली. सकाळी ओट आणि सुक्या मेव्याच्या मिश्रणाचं खोकं: साखर नऊ. दुपारी फळांचं दही: चार. उकडलेल्या भाज्या नुसत्या घशाखाली उतरत नव्हत्या म्हणून टोमॅटोचा सॉस: चार. संध्याकाळी कमी साखरेचं म्हणून मिळणारं सरबत, एक पेला: दोन. चहा बिनसाखरेचा. बेरीज एकोणीस.

"पंचवीसची परवानगी आहे ना तुला?" पुढच्या खोलीतून नवरा म्हणाला. तो शिंपी होता, घरातच शिवायचा, आणि सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणे. "मग सहा ग्रॅम माझ्याकडे वळव. वाया कशाला घालवतेस."

"तुमचे तुम्ही मोजा."

"मी माणसं मोजतो. साखर मोजायला तू आहेस."

दोन आठवड्यांनी रक्त दिलं. सुरुवातीला एकशे बहात्तर होती, ती एकशे एकोणसत्तर झाली होती. पुढचे दोन आठवडे भिंगताईंनी बिस्किटाकडे मान वळवूनही पाहिलं नाही. शेजारच्या टेबलावरची तपासनीस बाई वाढदिवसाचा केक घेऊन आली तेव्हा त्या उठून हात धुवायला गेल्या. एक दिवस एकोणीस, एक दिवस सतरा. चौथ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा रक्त दिलं. एकशे एकाहत्तर.

डॉक्टरांनी वही उलटसुलट करून पाहिली. अक्षर छापल्यासारखं होतं. "वही सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण आपण तोंडात काय टाकतो हे माणूस विसरतो. मुद्दाम नाही. येता-जाता."

"मी विसरत नाही."

"सगळेच असं म्हणतात."

"सगळे तपासनीस नसतात," भिंगताई म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या नाहीत. तारीख अजून ठेवली आहे, चार आठवडे आहेत, शेवटची तपासणी आदल्या दिवशी, एवढंच त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर मास्तर काही बोलला नाही, आणि तो गप्प बसला की काहीतरी शिजतंय हे भिंगताईंना ठाऊक होतं. रात्रीचं जेवण होईपर्यंत त्याने दम धरला.

"रागावू नकोस. त्या डोळ्याने तुला तीन आणि आठ सारखेच दिसत नाहीत ना?"

"म्हणजे मी आकडे चुकीचे वाचते?"

"मी विचारलं फक्त."

त्यांना हे इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी त्या चारही रिकामी खोकी आणि बाटल्या पिशवीत घालून छापखान्यात घेऊन गेल्या. तिथे एक नियम होता: प्रत्येक लेबल दुसऱ्या नजरेखालून जायचं. पहिल्याने काय वाचलं हे दुसऱ्याला सांगायचं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईचे डोळे धडधाकट होते. जेवणाच्या सुट्टीत तिने आपली पट्टी काढली, खोकं सरळ केलं, ओळीवर पट्टी ठेवली आणि खालून वर वाचत गेली. "नऊ. चार. चार. दोन. ताई, हे कुणाचं काम आहे? आपल्याकडचं नाही."

"माझ्या पोटाचं," भिंगताई म्हणाल्या.

म्हणजे डोळा बरोबर होता. त्यांचा राग तिथेच ओसरला आणि त्याच्या जागी निराळंच काही आलं. एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार आली आणि तपासलेलं सगळं बरोबर निघालं की छापखान्यात सगळे जरा सावरून बसत. आता चूक कुठे आहे ते कुणालाच माहीत नसे. अशा वेळी भिंगताई कोरा कागद घेऊन, आपण काय काय तपासलं नाही, त्याची यादी करत. हा भाग त्यांना मनापासून आवडे. घरी येऊन त्यांनी तेच केलं.

दंतमंजन. खोकल्याचं औषध, पण ते गेल्या वर्षी घेतलं होतं. पाव. पावाचं वेष्टन कचऱ्यातून काढून वाचलं. साखर जवळजवळ शून्य. फळं डॉक्टरांनीच मोजायची नाहीत असं सांगितलं होतं, आणि दिवसाला एकच. मीठ म्हणून साखर पडत असेल का? चाटून पाहिलं. मीठच होतं.

"तुम्ही माझ्या चहात काही घालत नाही ना?" त्यांनी विचारलं.

मास्तरच्या मशीनचा आवाज थांबला. "चहात नाही."

"मग कशात?"

"कशातच नाही. पण तांदळाच्या डब्यामागे बिस्किटांचा पुडा आहे, तो माझा आहे. तू शोधत सुटलीस म्हणून आधीच सांगून टाकतो."

भिंगताईंनी तांदळाचा डबा सरकवून पाहिला. पुडा होता, अर्धा रिकामा. यादीत त्यांनी लिहिलं: 'बिस्किटं – मास्तर – माझा संबंध नाही.' यादी संपली आणि हाती काहीच लागलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी वही मास्तरपुढे ठेवली. "आज दिवसभर मी जे खाईन ते तुम्ही लिहायचं. मी वहीकडे बघणार नाही. तुम्ही माझी दुसरी नजर."

"छापखान्यातल्या बाईने पाहिलं ना?"

"तिने आकडे पाहिले. तुम्ही खाणं बघा."

मास्तरला हे काम फारच आवडलेलं दिसलं. त्याने पेन्सिल कानावर खोचली, टेप गळ्यात होतीच, आणि खुर्ची ओढून समोर बसला. भिंगताईंनी निळा वाडगा काढला, ओटचं मिश्रण काठापर्यंत भरलं, वर दूध ओतलं. खोक्यावरच्या चित्रात दाखवलं होतं तसंच. मग सवयीने खोकं आडवं केलं, पट्टी ठेवली आणि त्याच्याकडे सरकवलं.

"नऊ," मास्तरने वाचलं. पण लिहिलं नाही. पेन्सिलीचं टोक वहीवर टेकवून तो थांबला. "हे नऊ कुणाच्या मापाचे?"

"कुणाच्या म्हणजे? साखरेचे."

"तसं नाही गं. मला कुणी येऊन छाती छत्तीस सांगितली की मी आधी विचारतो, कुणाची? बाईची की पोराची, अंगावरून घेतली की जुन्या सदऱ्यावरून? नुसत्या छत्तिसाचं मी काय शिवू? हे नऊ या वाडग्याचे आहेत का? त्यांनी तुझा वाडगा पाहिला होता?"

"तक्त्यात आहे ते आहे."

"तक्त्यात कुठेतरी लिहिलं असणार," तो म्हणाला आणि त्याने पट्टी उचलली.

पट्टीखाली काळी ओळ होती. भिंगताईंनी तेवीस वर्षांत अशा किती ओळींवर पट्टी ठेवली असेल याची मोजदाद नव्हती. मास्तरने ती अडखळत मोठ्याने वाचली. दर तीस ग्रॅमला.

भिंगताईंनी वाडग्याकडे पाहिलं. दूध घातलेलं मिश्रण एव्हाना फुगायला लागलं होतं.

"थांबा," भिंगताई म्हणाल्या. त्यांनी दुसरा तसाच वाडगा घेतला, कोरडं मिश्रण तेवढंच भरलं आणि काट्यावर ठेवलं. नव्वद ग्रॅम. दह्याच्या डब्यावर दर पन्नास ग्रॅमला लिहिलं होतं; डबा दीडशेचा. सॉसवर दर चमच्याला. त्या तीन चमचे घेत. सरबत दर शंभर मिलीला. पेला मोठा, अडीचशेचा. मास्तर एकेक आकडा लिहीत गेला. सत्तावीस, बारा, बारा, पाच. बेरीज त्याने दोनदा केली, कारण शिंप्यांना दोनदा मोजून एकदा कापायची सवय असते.

"छप्पन," तो म्हणाला.

भिंगताईंनी वही ओढून घेतली. एकीकडे महिनाभराच्या एकोणीस-सतरांची रांग होती, एकही खाडाखोड नाही. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. चूक सापडली होती. आणि किती साधी जागा होती ती. छापखान्यातल्या त्या धडधाकट डोळ्यांच्या बाईलाही ती दिसली नव्हती, कारण तिचीही पट्टी तिथेच होती.

"हसा आता," त्या म्हणाल्या.

"मी काय हसू. मी एकदा एका माणसाला त्याच्या भावाच्या मापाचा कोट शिवून दिलाय."

"मग?"

"मग काय, भावाने घेतला."

राहिले होते सव्वीस दिवस. भिंगताईंनी जुनी वही तशीच ठेवली आणि नवी केली. तिच्यात आकड्याच्या आधी एक रकाना वाढला: माझं माप. निळा वाडगा फडताळात वर गेला. ओटचं मिश्रण तीस ग्रॅम मोजून लहान वाटीत आलं. पहिल्या दिवशी ती वाटी बघून मास्तरने, पक्ष्याला ठेवलीस का, असं विचारलं. पोट भरेना म्हणून त्यांनी साधे ओट उकळून पाहिले, त्यात दालचिनी घालून पाहिली, आणि आठव्या दिवशी ते चवीला बरे लागू लागले. फळांच्या दह्याऐवजी साधं दही आलं. सॉसला पर्याय सापडेना. लिंबू पिळलं, मिरपूड घातली, व्हिनेगर घातलं. शेवटी भाज्या उकडायच्या सोडून तव्यावर परतल्या तेव्हा सॉसची आठवण कमी झाली, गेली नाही. सरबत बंद झालं. रोजची बेरीज खरोखर वीसच्या आसपास राहू लागली.

छापखान्यात सोमवारी त्यांनी पट्टी ओळीवर ठेवली आणि लगेच उचलली. मग आधी ओळ वाचली, पट्टी ठेवली, आकडे वाचले. शेजारच्या बाईने भुवया उंचावल्या.

"ताई, ती ओळ आपली नाही."

"माहीत आहे. वाचायला कुणाची मनाई आहे का?"

त्यांचा वेग कमी झाला. फोरमन दोनदा टेबलापाशी येऊन गेला आणि त्यांच्या डोळ्याकडे बघून परतला. त्याने काय तर्क केला असेल ते त्यांना कळलं. त्यांनी खुलासा केला नाही.

शेवटच्या तपासणीला मास्तर सोबत आला आणि बाहेरच्या बाकावर बसला. डॉक्टरांनी कागद आधी स्वतः वाचला.

"एकशे एकतीस," त्या म्हणाल्या. "छान. उद्या सकाळी सातला या."

भिंगताई उठल्या नाहीत. "तुम्ही एकशे तीसच्या आत म्हणाला होतात."

"हो. मग?"

"हे आत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, एकशे सत्तरवरून आलात तुम्ही. एकाने काय होतंय? यंत्रच इकडेतिकडे चार-पाच दाखवतं."

"किती? नक्की सांगा."

"दहा-बारासुद्धा धरतात." त्यांना आता गंमत वाटू लागली होती. "तुम्हाला शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे ना?"

"घ्यायची आहे. मला फक्त समजून घ्यायचं होतं. म्हणजे तुमच्या यंत्राला दहाची सूट आहे, आणि माझ्या वाटीला एका ग्रॅमची नाही."

"वाटीलाही देते. दिवसाला दोन ग्रॅम," डॉक्टर म्हणाल्या आणि कागदावर सही केली.

बाहेर मास्तर टेपची गुंडाळी करत बसला होता. दार उघडल्यावर तो उभा राहिला. भिंगताईंच्या चेहऱ्यावरून त्याला काही वाचता येईना.

"किती?"

"एकशे एकतीस. उद्या सातला बोलावलंय."

त्याने श्वास सोडला. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, अगदी गंभीर तोंडाने विचारलं, "कुणाच्या मापाचे?"

"माझ्या," भिंगताई म्हणाल्या आणि अंधूक दिसणाऱ्या बाजूने त्याचा हात धरून पायऱ्या उतरू लागल्या.