तीन कप्प्यांचा मुंगळा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो, आणि मध्ये चार दिवस मी मुंगळा होतो. हसू नका. आधी ऐकून घ्या, मग हवं तर हसा.

पुण्याच्या तुळशीबागेतल्या एका दुकानात हिराबाईंनी मला तीनदा वाजवून पाहिलं आणि घेतलं. वरच्या कप्प्यात भाजी, मधल्यात आमटी, खालच्यात चपात्या. बारा वर्षं मी त्यांच्या नवऱ्याबरोबर, भीमरावांबरोबर, विश्रांतवाडीहून नगर रस्त्यावरच्या पंपांच्या कारखान्यात गेलो. भीमराव तिथे फिटर होते. दुपारी भोंगा झाला की चौघे जण गोल करून बसत आणि हिराबाईंच्या आमटीवर सगळ्यांचा डोळा असे. कौतुक व्हायचं ते आमटीचं, माझं नाही. डब्याच्या नशिबी तेवढंच असतं.

दोन हजार तीन साली कारखाना बंद झाला. फाटकावर एक कागद चिकटवला होता, बस. त्या जागी संगणक कंपन्यांसाठी काचेची इमारत होणार, असं लोक म्हणत. भीमराव घरी आले, मला खिळ्याला अडकवलं आणि खिडकीपाशी जाऊन बसले. आठ महिने ते तसेच बसून होते. रडले नाहीत, भांडले नाहीत, दारूच्या वाटेला गेले नाहीत. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. हिराबाईंचे भाऊ सीताराम खराडीला एका कंपनीच्या दारावर रखवालदार होते. ते दर रविवारी येऊन सांगत, माणसं हवी आहेत दाजी, नुसतं हो म्हणा. भीमराव म्हणत, बघू.

खरं सांगायचं तर मलाही काही वाटत नव्हतं. रिकाम्या डब्याला काय वाटणार, कपाळ? हिराबाई मात्र रोज सकाळी मला घासायच्या, पुसायच्या आणि परत खिळ्याला अडकवायच्या. ज्यात काही भरलंच नाही तो डबा रोज का घासता, असं त्यांना कोणी विचारलं नाही.

त्यांची मुलगी निकिता सातवीत होती. शाळेत प्रेमलाबाई विज्ञान शिकवायच्या. त्यांनी वर्गाला सांगितलं की घरात जे कोणी वापरत नाही ते आणा, आपण त्याचे प्राणी करू आणि प्रदर्शन भरवू. एकाने शॅम्पूच्या बाटल्यांची मगर केली, एकीने टूथपेस्टच्या नळ्यांचा पोपट. कीटकाच्या शरीराचे तीन भाग असतात, हे निकिताने नुकतंच पाठ केलं होतं. तिने खिळ्याकडे पाहिलं. तीन कप्पे. आठ महिन्यांत कोणी हात लावला नव्हता, आईच्या घासण्याखेरीज. पोरीचा हिशेब चुकला असं मी तरी कसं म्हणू?

खिळा ठोकून माझ्या मधल्या कप्प्याला सहा भोकं पाडली. त्यांत मोडक्या छत्रीच्या काड्या बसवून पाय केले. कोटाची दोन बटणं म्हणजे डोळे. तारेच्या मिशा तर अशा झकास वळवल्या की बाईंनी मला टेबलाच्या मधोमध ठेवलं. वर्गात पहिला नंबर आला, मित्रांनो. सोमवारी सगळ्या शाळांच्या मोठ्या प्रदर्शनाला जायचं ठरलं. बारा वर्षांत कोणी माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

हे मला मागाहून कळलं, पण घरी खिळा रिकामा दिसला तेव्हा हिराबाईंनी निकिताला खूप बोल लावले. भीमराव खिडकीतूनच म्हणाले, असू दे, काय करायचाय आता डबा. ते ऐकून हिराबाई त्यांच्याकडे वळल्या. घाबरल्या त्या. डबा गेला म्हणून नव्हे. डबा नको म्हणणारा माणूस आता कामावर जाणारच नाही, ही त्यांना धास्ती.

शनिवारी शाळेतलं प्रदर्शन होतं. पोरीला बक्षीस आहे, निदान तोंड तरी दाखवा, असं म्हणून हिराबाईंनी भीमरावांना अक्षरशः ओढत आणलं. माझ्यापुढे एक कार्ड होतं. ‘मुंगळा. साहित्य : निरुपयोगी डबा, मोडकी छत्री, जुनी बटणं.’ भीमरावांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. पाहुणे टाळ्या वाजवत होते.

“बाई,” भीमराव म्हणाले, “हा डबा निरुपयोगी नाही.”

बाई गडबडल्या. प्रदर्शनात तसं लिहायची पद्धतच आहे, वाईट अर्थाने नव्हे, असं काहीबाही समजावू लागल्या.

“कारखाना बंद पडलाय, बाई. डबा नाही.”

पुण्यातल्या शिक्षिका सहसा लिहिलेलं खोडत नाहीत. प्रेमलाबाईंनी पेन काढून ‘निरुपयोगी’ हा शब्द खोडला. पण भीमराव जागचे हलले नाहीत. निकिताने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कोणी न सांगता माझे पाय एकेक करून उपसायला घेतले. मोठ्या प्रदर्शनाला मग शॅम्पूची मगर गेली.

घरी येऊन भीमरावांनी पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली. आठ महिन्यांनी तिचं झाकण उघडलं. मधल्या कप्प्याच्या सहा भोकांत त्यांनी सहा रिव्हेट ठोकले. निकिता मला घट्ट धरून बसली होती.

“पप्पा, मी तुम्हाला विचारायला हवं होतं,” ती म्हणाली.

“विचारलं असतंस तरी मी काय बोललो असतो?” त्यांनी मधल्या कप्प्यात पाणी ओतून पाहिलं. थेंब गळला नाही. मग ते हिराबाईंना म्हणाले, “सीतारामला निरोप धाड. सोमवारी येतो म्हणावं. डबा भर.”

हिराबाई आत गेल्या आणि आमटीची डाळ निवडायला बसल्या.

आता मी खराडीच्या काचेच्या दारापाशी असतो. भीमराव अजूनही फारसे बोलत नाहीत. पण दुपारी डबा उघडतात, जेवतात, संध्याकाळी मला घरी नेतात. मला कुणी पुन्हा मुंगळा म्हटलेलं नाही, आणि त्याचंही मला विशेष काही वाटत नाही.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू टाकाऊ ठरवण्याआधी ती ज्याची आहे त्याला विचारा. आणि घरात कोणी नुसतंच गप्प बसून असेल, तर त्यालाही विचारा. आठ महिने उत्तर येणार नाही. तरी विचारा.