पेरूवरचा सापळा

खट्! शांत दुपारी मागच्या दाराची कडी वाजली, की मला अजूनही वाटतं, तपासनीस बाई आल्या. पण येते ती घरातली ताई, वाळलेले कपडे काढायला.

मित्रांनो, मी पेरूच्या फांदीला टांगलेला एक जुना फळमाशी सापळा आहे. पिवळी बरणी, आत वासाची गोळी, बस्स. ते पिवळेपणही आता उन्हाने पार उडालंय. जन्म माझा कारखान्यातला, पण कामाला लावलं ते बाईंनी. दर आठवड्याला त्या यायच्या, झाकण काढायच्या आणि एकेक मेलेली माशी भिंगाखाली धरायच्या.

एकदा बाई यायच्या म्हणून ताईने मला साबण लावून लख्ख घासून ठेवलं. बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो ताई, साखरेचा डबा आहे का हा? माझी आठवड्याची कमाई तुम्ही मोरीत ओतलीत!"

दोघी हसत सुटल्या. मग बाईंनी ताईच्या चिमीला एक चित्र दाखवलं. पंखावर काळा पट्टा असलेली माशी. "ही बाहेरून येते. एकटीदुकटी असताना सापडली तर बरं, नाहीतर गावाबाहेरच्या सगळ्या बागा आतून सडवेल. दिसली की आधी मला हाक मारायची हं."

पुढे बाई यायच्याच थांबल्या. ताईने कार्यालयात फोन केला.

"तपासणीचं सरकारी अनुदानच आलं नाही," पलीकडचा कारकून कंटाळून म्हणाला. "बाईंना कमी केलंय. सापळा ना? असू द्या तिथेच. खायला थोडाच मागतोय!"

खायला मागत नाही, खरंय. पण मित्रांनो, नुसतं लटकून राहण्यानेही थकायला होतं. गोळीचा वास विरत आलाय, तळाशी माश्यांचा थर साचलाय. मला पकडता येतं, सांगता येत नाही. नवा रंग नको मला. झाकण उघडून बघणारं माणूस तेवढं राहू द्या.

आज चिमी स्टुलावर चढली, झाकण काढून माझ्यात डोकावली आणि ओरडली, "आई, पट्टेवाली!"

ताई ओल्या हातांनीच धावत आली. पंखावरचा काळा पट्टा तिनेही पाहिला. मग तिने कार्यालयात फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

चिमी वर पाहत होती. पेरू नुकते पिवळे व्हायला लागले होते.

"आई, बाई परत येईपर्यंत बाकीच्या माश्या थांबतील का गं?"

ताईने माझं झाकण घट्ट बसवलं आणि पुन्हा फोन फिरवला.