दक्षिणेकडे बघणारी पाटी

त्या बुधवारी पहाटे आप्पा अंगणातून ओरडले, "पद्मे, ऊठ! तिसरीही रात्र पास!"

मी शाल गुंडाळून बाहेर आले. उजाडायला आलं होतं आणि आमच्या दारासमोरच्या खांबावरचा दिवा अजून लख्ख होता. आप्पा त्याच्याखाली वही घेऊन उभे होते, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, अडतीस वर्षं लाइनमन होते. गुहागरजवळच्या आमच्या वाडीत रस्त्यापासून देवळापर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढत जाते. तिच्यावर बावीस खांब. आधी साधे बल्ब, मग ट्यूब, मग सोडियमचे पिवळे दिवे, सगळे आप्पांच्याच हातांनी चढले होते. आता ग्रामपंचायत ते सगळे बदलणार होती. तारेवरचेच दिवे घ्यायचे की सौर एलईडी, यावरून पंचायतीत दोन तट पडले होते. शेवटी सरपंच ज्ञानेश्वरीने आप्पांना एक सौर दिवा लावून दाखवायला सांगितला. अट अशी की ओळीने पाच रात्री, मावळल्यापासून उजाडेपर्यंत, तो विझता कामा नये.

आप्पांनी मुद्दाम लहान बॅटरी निवडली. "मोठी बॅटरी कुणीही लावील," ते म्हणाले. "हिशेब बरोबर असेल तर एका दिवसाचं ऊन एका रात्रीला पुरतं."

मी रत्नागिरीत ग्रंथपाल आहे. महिन्यापूर्वी आप्पांच्या छातीत कळ आली, तेव्हापासून मी रजा काढून घरी होते. त्या कळीचं नाव आप्पा काढू देत नसत. चिमाआत्या मात्र, म्हणजे त्यांची थोरली बहीण, दुसरं काही बोलत नसे.

आत्याचा राग सौर पॅनेलवर होता. ती त्याला पाटी म्हणायची. ती पाटी आप्पांनी दक्षिणेला तोंड करून बसवली होती.

"जिवंत माणसाच्या दारात दक्षिणेला तोंड करून दिवा कोण ठेवतं रे?" त्या दुपारी जेवायला बसल्याबसल्या तिने पुन्हा विचारलं.

"ताई, दिवा खाली बघतो. दक्षिणेला बघते ती पाटी. या दिवसांत सूर्यच दक्षिणेकडून जातो, त्याला मी काय करू? त्यालाच सांग."

"सांगीन. तुझ्यापेक्षा तो तरी ऐकेल."

आप्पा हसत हसत झोपायला गेले. आत्याने ताट बाजूला सारलं. "माणूस गेल्यावर त्या दिशेला दिवा लावतात, पद्मे. आधी नाही. मला नाही अन्न जात."

मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलेली बाई. पण त्या दुपारी आत्याचं न जेवलेलं ताट आणि आप्पांच्या छातीतली कळ या दोनच गोष्टी मला दिसत होत्या. मी विठूला फोन केला. विठू पंचायतीचा वायरमन, आप्पांच्या हाताखाली तयार झालेला, आता त्याचेच केस पांढरे.

"पद्माताई, आप्पा माझी सालटी काढतील," तो शिडी लावता लावता कुजबुजला.

"एकच दिवस. उद्या परत फिरवू."

त्याने दोन नट सैल केले आणि पाटी पूर्वेला वळवली. सूर्य तेव्हा डोक्यावरून पश्चिमेकडे कलला होता. मी ते पाहिलं आणि समजूनही गप्प राहिले. आत्या जेवली. सोलकढी दोनदा घेतली.

संध्याकाळी आप्पांनी पाखाडीवर फुरशाची परीक्षा ठेवली होती. सगळी वाडी जमली. फुरसं हा आमच्याकडचा वीतभर विषारी साप. जांभ्याच्या रंगाचा, पायरीवर पडला तर दगडच वाटतो. आप्पांनी काथ्याच्या दोरीची तीन वेटोळी लाल मातीत घोळवली आणि तीन खांबांखाली एकेक ठेवलं. वरच्या खांबावर दीडशे वॉटचा सोडियम, मधल्यावर चाळीसची ट्यूब, आणि खाली आमच्या दारात वीस वॉटचा सौर.

"वरून खाली या, आणि पाय पडायच्या आत फुरसं दाखवा," आप्पांनी हुकूम सोडला.

पहिला उतरला आत्माराम. पंचायतीतला सदस्य, तारेवरच्या दिव्यांचा कैवारी. सोडियमच्या पिवळ्या उजेडात तो ऐटीत चालत आला आणि नेमका वेटोळ्यावर उभा राहिला.

"चावलं!" बायका ओरडल्या. "आत्मारामभाऊ, चावलं!"

"अहो, इथे सगळंच पिवळं दिसतंय! दगड पिवळा, दोरी पिवळी!"

"आणि तूही पिवळा पडलास," आप्पा म्हणाले.

ट्यूबखाली त्याला दोरी दिसली, पण पायाशी आल्यावर. सौर दिव्याखालची तर त्याने आठ पायऱ्या वरूनच ओळखली. पांढऱ्या उजेडात तांबडी पायरी तांबडी होती आणि दोरी तपकिरी. एकामागून एक माणसं उतरू लागली, पैजा लागल्या. आणि ऐन रंगात वीज गेली. वरचे सगळे खांब काळे झाले. आमच्या दारातला एकटा दिवा तसाच उभा. जी आरोळी उठली ती देवळापर्यंत गेली असेल.

मिनिटाभरात वीज परत आली. ट्यूब फडफडून लागली. सोडियम मात्र नाही.

"त्याला थंड होऊन परत उठायला वेळ लागतो," आप्पा म्हणाले. "आमच्या ताईसारखा."

"माझ्या आधी तू उठून दाखव एकदा!" आत्या ओट्यावरून गरजली.

आप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वर पाटीकडे त्यांनी पाहिलंच नाही. आपल्या हातांनी बसवलेल्या वस्तूकडे कोण पुन्हा पाहतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे मला हाक आली नाही. मी बाहेर आले तर अंधार होता. दिवा विझलेला. आप्पा खांबाला हात लावून उभे होते.

"चौथी गेली," ते म्हणाले. "माझंच कुठेतरी चुकलं, पद्मे."

तेव्हाच सांगायचं होतं. मी तोंडही उघडलं होतं. मग वाटलं, थंडीत उभे आहेत, आधी चहा करू, चहा देताना सांगू. ते ओटीवर खुर्चीत वही घेऊन बसले. मी आधण ठेवलं, आलं किसलं, सांगायचं वाक्य मनात दोनदा जुळवलं.

कप घेऊन गेले तेव्हा वही मांडीवर उघडी होती आणि पेन्सिल खुर्चीखाली पडली होती.

त्यानंतर घरात, आप्पा गेले त्या जागी, दिवा ठेवला. वात दक्षिणेकडे. तेरा दिवस आत्याच त्यात तेल घालत होती. आणि बाहेर त्यांचा दुसरा दिवा पूर्वेला तोंड करून रोज पहाटेआधी विझत होता.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला मी गेले. दिव्यांचा विषय निघाला तसा आत्माराम उठला. आवाजात जोर नव्हता. "आप्पांबद्दल मला आदर आहे. पण चौथ्या रात्री दिवा विझला, हे सगळ्यांनी पाहिलंय."

"ठराव मांडू का मग?" ज्ञानेश्वरीने विचारलं. तिची नजर माझ्यावर होती.

मी उभी राहिले. "पाच रात्री ठरल्या होत्या. पाचवी बाकी आहे."

"चौथीला नापास झालेल्याला पाचवीत कसं बसवायचं?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

"शाळेत तुला दरवर्षी बसवतच होते की," विठू ओरडला. आता सगळी सभा हसली, आणि त्या हशात ज्ञानेश्वरीने लिहून घेतलं: परवा पहाटे, शेवटची संधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठूने शिडी लावली. आत्या दारात येऊन उभी राहिली. मी थांबले.

"फिरव," ती म्हणाली. "दक्षिणेलाच कर. त्याला दिसू दे."

दिवसभर मी ऊन मोजत होते. ढगाचा एक तुकडा आला तरी जीव वर-खाली होई. मावळल्यावर दिवा लागला आणि आत्याने, मी नको म्हणत असतानाही, त्याला हात जोडले.

पहाटे साडेपाचला मी दार उघडलं. पायऱ्या पांढऱ्या उजेडात न्हालेल्या. दिवा लख्ख!

मी एकटी नव्हते. पाखाडीवर माणसं येऊन बसली होती. मफलर गुंडाळलेला विठू, थर्मास घेऊन ज्ञानेश्वरी, आणि सगळ्यांच्या पुढे, घड्याळ हातात धरलेला आत्माराम.

"अजून तास-दीड तास आहे," तो म्हणाला. पण तो दिव्याकडे असा बघत होता की जणू तो त्यानेच लावलाय.

सहा वाजले. कोंबडे आरवले. कुणी चहा ओतत नव्हतं. साडेसहाला डोंगराची कड दिसू लागली. दिवा क्षणभर लवलवला असं मला वाटलं आणि विठूने माझा हात घट्ट धरला. तो माझाच भास होता.

"पावणेसात," आत्माराम म्हणाला. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "जळतोय हो. जळतोय!"

आकाश पांढरं झालं. पाटीला उजेड लागला आणि आतलं काही टिचकन वाजून दिवा आपणहून बंद झाला, काम संपवून. पाखाडीवर एकच गलका झाला. आत्मारामने विठूला उचललंच. आत्या ओट्यावर बसून रडत होती आणि हसत होती.

"मग चौथ्या रात्री झालं तरी काय?" गलक्यातून ज्ञानेश्वरीने विचारलं. "आप्पांचं चुकलं तरी कुठे?"

विठूने माझ्याकडे पाहिलं. "मी सांगू?"

"नको," मी म्हटलं.

मी खांबापाशी गेले. आप्पांनी धरला होता तिथे हात ठेवला. लोखंड गार होतं.

"आप्पा," मी मोठ्याने म्हणाले, "तुमचं काही चुकलं नव्हतं. पाटी मी फिरवली होती."