नागमोडी नंबर

ऐका, आधी हसून घेऊ नका, कारण यात चूक माझीच आहे आणि ती किती मोठी आहे हे मलाच अजून कळलेलं नाही.

माझी मावशी पिकांच्या संशोधन केंद्रात आहे ना, आणि मी तिथेच करारावर शेताचं बघते. मावशी सहा वर्षं एकाच टोमॅटोच्या मागे आहे. करपा रोग न येणारा टोमॅटो. तिने त्यात बाहेरचं काही घातलेलं नाही, त्याचाच एक जीन बंद केलाय, बस. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या सरांनी मात्र त्यांच्या टोमॅटोत भलत्याच झाडाचा जीन घातलाय. दोघांची झाडं आणि साधी झाडं, सगळी एकाच जाळीबंद शेतात, चार ओळी, ओळीत दहा वाफे. कुठल्या वाफ्यात काय, ते मुद्दामच कुणाला सांगत नाहीत, नाहीतर रोग मोजताना आपला तो बाब्या होतो. वाफ्यावर फक्त नंबराची पाटी. यादी बंद पाकिटात, संचालकांच्या कपाटात.

आता सरकारचं ऐका. जुना नियम असा, की परवानगी संपली की सगळं उपटून जाळायचं. परवानगी संपत होती शुक्रवारी. आणि त्याच आठवड्यात सोमवारी नवं परिपत्रक आलं, की बाहेरचा जीन असेल तर जाळा, स्वतःचाच बदललेला असेल तर साध्या पिकासारखं धरा. मावशीने ते तीनदा वाचलं, मग मला मोठ्याने वाचायला लावलं. तिच्याकडे बी उरलंच नव्हतं, पुढचं बी याच झाडांवर, आणि फळं पिकायला अजून दोन आठवडे.

शुक्रवारी तपासणीचे साहेब आले. केंद्रात त्यांना शिक्कासाहेब म्हणतात, शिक्का मारताना आधी फुंकर मारतात म्हणून. पाकीट फोडलं. मावशीचं नशीब बघा, तिचे चारही वाफे दुसऱ्याच ओळीत. साहेब नंबर वाचायचे, माळीकाका सरांची रोपं उपटायचे, आणि सर जाळीकडे तोंड करून उभे. पहिली ओळ झाली. दुसरीत साहेब अडले, कारण अकरा नंबर उजवीकडे, दहाच्या पुढ्यातच. मावशी अगदी कौतुकाने सांगायला लागली, की आमचे नंबर नागमोडी असतात, एक ओळ डावीकडून, दुसरी उजवीकडून, चालता चालता वळायचं आणि मोजत परत यायचं.

आणि मी दुसऱ्या ओळीच्या पाट्या परत मोजायला लागले.

कारण लागवडीच्या दिवशी पाट्या मी लावल्या होत्या. पुस्तक वाचतो तशा, प्रत्येक ओळ डावीकडून. चहाच्या वेळी माझ्या लक्षात आलं, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या पाट्या गुपचूप उलट केल्या आणि स्वतःवरच खूश झाले. पण काका पाटीचा नंबर बघून त्या नंबरची रोपं लावत येत होते ना. त्या ओळींत चहाच्या आधी जी लागली ती चुकीच्या पाटीने, नंतरची बरोबर. पाट्या आता सगळ्या शहाण्यासारख्या उभ्या आहेत, खाली काय आहे ते देव जाणे.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि कदाचित मावशीचीच झाडं जळली असती. मी सांगून टाकलं.

सगळे काकांकडे बघायला लागले. चहाच्या आधी किती ओळी झाल्या होत्या? काका बोटांवर मोजून म्हणाले, "एक. नाहीतर तीन. त्या दिवशी चहा दोनदा झाला होता."

पानं तपासून कळेल, पण तपासणीला तीन आठवडे. साहेबांच्या फॉर्मवर रकाने दोनच, नष्ट केले आणि सूट दिली. कशाचं काय ते माहीत नाही, असा रकानाच नाही. ते वरिष्ठांशी फोनवर बोलले, वरिष्ठ त्यांच्या वरिष्ठांशी बोलले, आणि शेवटी साहेबांनी फाटकाला सील ठोकलं. निकाल येईपर्यंत आत कुणी जायचं नाही.

मावशीने विचारलं, "आणि पाणी?"

साहेबांनी परिपत्रक मागून पुढून बघितलं. "पाण्याबद्दल काही लिहिलेलं नाही," म्हणाले. मग म्हणाले, "मनाईही लिहिलेली नाही."

तर आता मी रोज जाळीबाहेरून पाइपने पाणी मारते. जळायची ती आणि जगायची ती, सगळ्यांवर सारखंच. सर पण येतात, पाइप धरायला. मावशी मला एक शब्द रागावलेली नाही, आणि त्याचंच काय करू ते समजत नाही. काल दुसऱ्या ओळीत एक टोमॅटो लाल व्हायला लागला. ती जाळीला नाक लावून कितीतरी वेळ बघत होती.

"माझा असेल का गं तो?"

मी पाणी चालूच ठेवलं.