समितीची अध्यक्ष

कामगार खात्याचा माणूस तपासणीला येणार म्हटल्यावर मालकाने आपल्या खोक्यांच्या कारखान्यात महिला तक्रार समिती एका दुपारीत उभी केली. अध्यक्ष म्हणून बायकोचं नाव घातलं. तिला ते संध्याकाळी भाजी निवडताना कळलं. नुसती सही कर, बाकी काही बघायचं नाही, असं म्हणून त्याने कागद पुढे सरकवला. तिने सही केली. पण आपण कशाखाली सही केली हे माहीत नसणं तिला खुपत राहिलं. तिने नियमांची पुस्तिका वाचून काढली, आणि एक दिवस कारखान्यात जाऊन बायकांना सांगितलं, कुणाचा काही त्रास असेल तर मला बिनधास्त सांगा.

महिन्याभराने खोकी चिकटवणारी एक बाई घरी आली. तक्रार धाकट्या मालकाविरुद्ध होती, म्हणजे हिच्या सख्ख्या दिराविरुद्ध. मोजणीच्या निमित्ताने तो तिला गोदामात बोलवायचा आणि अंगचटीला यायचा. बाईने मान खाली घालून तारखा सांगितल्या. एकही चुकली नाही.

तरी हिने तक्रार लिहून घेतली, समितीतल्या बायकांना बसवलं, दिरालाही बोलावलं. तो हसत आला. तारखा ऐकल्यावर त्याचं हसू मावळलं. अहवालात तिने लिहिलं, तक्रार खरी आहे.

नवऱ्याने अहवाल वाचून खिशात घातला.

"समिती दाखवण्यापुरती होती. तू खरंच चालवायला निघालीस?"

"अहो, कायद्यात तसंच लिहिलंय."

"कायदा तपासणीच्या दिवशी. एरवी तो माझा भाऊ आहे."

आठवड्यात अध्यक्षपद त्याच्या मामेबहिणीकडे गेलं. चिकटवणारीला काम कमी झाल्याचं सांगून घरी बसवलं. सासूने हिच्याशी बोलणं टाकलं.

ही अहवालाची आपल्याकडे ठेवलेली प्रत घेऊन त्या बाईच्या खोलीवर गेली. कामगार खात्यात जाऊ, मी सोबत येते, म्हणाली. बाईने प्रत हातात घेतलीच नाही.

"वहिनी, तुम्ही सांगा म्हणालात म्हणून मी बोलले. गप्प राहिले असते तर आज कामावर तरी असते."

हिने प्रत परत पिशवीत ठेवली. घरी परतली तेव्हा दीर जेवायला बसला होता. सासूने इतक्या दिवसांनी तोंड उघडलं ते त्याला वाढ म्हणून सांगायला. हिने पदर खोचला आणि वाढलं.